लाल दोऱ्यापर्यंत

आमच्या घराच्या खालच्या मजल्याला सध्या कुलूप आहे. घर सरदारजींचं. आम्ही वर भाड्यानं राहतो, चंदीगढला, सेक्टर बावीसच्या बाजारामागं, तिसऱ्या गल्लीत. गॅसवाला अजूनही फाटकाशी आला की आधी खालच्या दाराकडं बघतो. कुलूप दिसलं की सिलेंडर खांद्यावरनं दाणकन टाकतो आणि वर हाक मारतो. मी वरून म्हणतो, "तोल के दे." तो हसतो. मला कोण घाबरतंय इथं? घाबरायचे ते सरदारजींना.

सरदार अजायब सिंग. माप-तोल खात्यात इन्स्पेक्टर होते, म्हणजे आपल्याकडचं वजनमापं खातं. मी इथं आलो तेव्हा त्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाजाराला ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. फाटकाच्या आडव्या गजाला त्यांचा एक लोंबता काटा कायम अडकवलेला असायचा. गॅसचा सिलेंडर आला की आधी त्या काट्याला टांगायचा. पोरगं घाम पुसत उभं राहायचं. सरदारजी चष्मा कपाळावर सरकवून काट्यापाशी डोळा न्यायचे, पोटात घेतलेला श्वास सोडायचे नाहीत, आणि मग म्हणायचे, "जा." एवढंच. कमी भरला तर तेही म्हणायचे नाहीत. नुसतं बोटानं टेम्पो दाखवायचे. पोरगं सिलेंडर उचलून परत जायचं आणि दुसरा आणायचं.

उंचीनं बेताचे, अंगानं वाळकट, दाढी पांढरी पण मिशीत अजून काळं. पगडी रोज तीच, गव्हाळ रंगाची. खिशात स्टीलची मोजपट्टी. बोलणं कमी आणि पंजाबी वळणाचं हिंदी. माझं हिंदी उजनीच्या वळणाचं. पण आमचं जमलं. मी इथं त्यांचं बोलणं जमेल तेवढं आपल्या भाषेत लिहितो. जिथं ते माझ्याच्यानं होत नाही तिथं तसंच ठेवतो.

मी उजनी धरणाच्या पाण्यावरचा भोई. शाळा चौथीपर्यंत, पुढं जाळं. बायको गेली आणि पोरगा संजू मागं लागला, तो इथं मोहालीला कंपनीत आहे. मी येणार नव्हतो. गावात सगळ्यांना सांगितलं होतं की मला इथनं कुणी हलवू शकत नाही. मग आलो. पहिल्याच आठवड्यात सरदारजींनी अंगणात खुर्ची टाकून विचारलं, "मराठा, तू इथं कसा आलास?"

मी मराठा नाही, भोई आहे, असं मी दोनदा सांगून बघितलं. त्यांच्या लेखी महाराष्ट्रातला तो मराठा.

"पोरानं तिकीट काढलं," मी म्हणालो.

"और तू बैठ गया?"

"बैठ गया."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं एखाद्या दुकानदाराच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली सापडावी. मला राग आला.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे वरातीत जाण्यासारखं. भाजीवाले लांबूनच तराजूची पाटी पुसायला लागायचे. इकडं भाजी घेतली की वर मूठभर कोथिंबीर, दोन मिरच्या फुकट घालतात. त्याला झूंगा म्हणतात. आमच्या सुनेला तो झूंगा मिळाला नाही तर ती गाडा सोडत नाही. सरदारजी तो कधी घेत नसत. छोटेलाल म्हणून एक भाजीवाला, त्यानं नव्यानव्यानं प्रेमानं कोथिंबीर घातली, तर यांनी पिशवी उलटी करून ती परत दिली. म्हणाले, "वजनाबाहेरचं जो देतो, तो वजनातलं कुठून तरी काढतो." छोटेलालचं तोंड उतरलं. मी म्हणालो, "सरदारजी, जुडी होती हो साधी." ते म्हणाले, "मग जुडीचे पैसे सांगू दे, घेतो."

एकदा माझ्यावरही वेळ आली. बाजाराच्या टोकाला मासळीवाला बसतो. एक रोहू मी हातात उचलला आणि सांगितलं, सव्वादोन किलो. पन्नास वर्षं मासा हातानं तोलला आहे मी, मला काटा काय शिकवणार. सरदारजी म्हणाले, "दोन किलो आणि नखभर." चढला काट्यावर. दोन किलो आणि नखभर. मी म्हणालो, काटा बिघडला आहे. त्यांनी खिशातून आपलं एक किलोचं वजन काढलं, हो, खिशात घेऊन फिरायचे, आणि काट्यावर ठेवलं. काटा बरोबर. मग मी म्हणालो, इकडच्या पाण्यातला मासा हलकाच असतो. ते पहिल्यांदा हसले. "आँख का तोल नहीं चलता, मराठा," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मासा हलकाच होता, हे माझं मत आजही आहे.

मासळीवरनंच पुढची गोष्ट निघाली. मी भोई आहे हे कळल्यावर त्यांनी मला आत नेलं आणि एका कापडी म्यानातनं गळाची काठी काढून दाखवली. तीन तुकड्यांची, एकात एक बसणारी, वेताची नव्हे, कसल्याशा हलक्या दांड्याची. मूठ बुचाची, खाली रीळ. आणि मुठीच्या वर, दांड्यावर एके ठिकाणी लाल दोऱ्याचा घट्ट वेढा, वरून वार्निश फासलेलं.

"हा लाल दोरा कशाला?" मी विचारलं.

"वो सुरजीत है," ते म्हणाले.

सुरजीत म्हणजे त्यांची बायको. मी आलो त्याआधीच वारलेली. भिंतीवर फोटो होता, मोठ्या कपाळाची, हसताना एक गाल खाली जाणारी. त्यांनी गोष्ट सांगितली ती अशी. नोकरीत असताना त्यांनी आपल्या सख्ख्या मेव्हण्याला, सुरजीतच्याच भावाला, पकडलं. धान्याचं दुकान होतं त्याचं, खरड गावात. तो डंडी मारायचा, म्हणजे आपण काटा मारणं म्हणतो ते. याद्या केल्या, वजनं जप्त केली, दंड ठोकला. सुरजीत महिनाभर बोलली नाही. जेवण वाढायची ते ताट आपटून. शेवटी यांनी तिला समजूत काढायला बरोटला नेलं. बरोट म्हणजे हिमाचलात, मंडीच्या पुढं, डोंगरात एक लहानसं धरण आहे. पाणी बर्फाचं. त्यात ट्राउट मासा. इंग्रजानं आणून सोडला होता म्हणे.

हे तिकडं वर्षानुवर्षं एकटे जात. सुरजीत पहिल्यांदाच गेली. काठावर बसून कंटाळली, म्हणाली, द्या इकडं. यांनी काठी हातात दिली. तिनं दोरी कशी तरी भिरकावली, ती तिच्याच ओढणीत अडकली, सोडवून परत भिरकावली, आणि हातभर लांबीचा मासा लागला. हातभर म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, वर थोडा. "तेवढा मी जन्मात काढला नव्हता," सरदारजी म्हणाले. काठी शेजारी ठेवून मुठीच्या बुडापासून शेपटीपर्यंत मापला आणि जिथं शेपटी आली तिथं रात्री लाल दोरा गुंडाळला. सुरजीत बोलायला लागली. पण जे बोलायला लागली ते एकच. भाजीत मीठ कमी म्हटलं की, "मासा कुणी धरला होता?" वीजबिल भरायचं राहिलं की, "मासा कुणी धरला होता?" मरेपर्यंत.

"आणि तुम्ही?"

"पौनी तक गया हूँ. पूरी नहीं मिली."

त्यांचं माप असं होतं. दोऱ्याच्या अर्ध्यावर आला तर आधी, पाऊण आला तर पौनी, दोऱ्याला शेपटी टेकली तर पूरी. पण कुठलाही मासा चालायचा नाही. सरकारी तळ्यात वाढवलेला आणून सोडतात, तो नको. नदीतच जन्मलेला, रानटी, तपकिरी ट्राउट हवा. तो ओळखायचा कसा हेही त्यांनी मला शिकवलं. तळ्यातला सिमेंटला घासून पर झिजवून बसतो. रानातल्याचे पर टोकापर्यंत शाबूत, अंगावर काळे ठिपके, मध्येमध्ये तांबडे, आणि तांबड्याभोवती फिकट कडं.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बरोटला गेलो ते, खरं सांगतो, हसायला. मंडीची बस, पुढं जीप, हाडं खिळखिळी. तिथं गेल्यावर आधी लायसन काढलं. मी म्हणालो, गळ टाकायला लायसन? ते म्हणाले, "मी लायसन नसलेल्यांना पकडत जगलो." मग जिथं नदी धरणाच्या पाण्यात शिरते तिथं गेलो. दोन्ही बाजूला देवदार, पाणी असं की तळाचे गोटे मोजावेत. त्यांनी डबीतनं माशी काढली. खरी नव्हे. गळावर कोंबड्याचं पीस आणि लोकर गुंडाळून केलेली. लोकर सुरजीतच्या विणकामाच्या टोपलीतली. मी विचारलं, गांडूळ का नाही? त्यांना ते विचारणंच आवडलं नाही.

"भुकेला मासा गांडूळ खातो. त्यात काय. हा बघून खातो."

काठी मागं न्यायची, दोरी हवेत लांब सुटू द्यायची, मग पुढं. दोरी पाण्यावर अशी पडायची की पाणी हलत नसे. मी जाळं फेकणारा माणूस, फेकणं मला कळतं. ते फेकणं चांगलं होतं. तेवढं कबूल करतो.

दुपारपर्यंत काही नाही. मग एक लागला. ते पाण्यात गुडघाभर, ओल्या हातानं त्यांनी मासा काठाच्या उथळ पाण्यात आणला, पाण्यातच काठी शेजारी ठेवली, वाकून बघितलं आणि बाजारात लिलाव पुकारावा तसं मोठ्यानं म्हणाले, "आधी!" आणि सोडून दिला.

मी किंचाळलो. "अहो! सोडला?"

"मापला ना."

"मापून काय करायचं? खायचा मासा!"

"मराठा," ते म्हणाले, "तू पन्नास वर्षं मासे खाल्लेस. एक तरी तुला आठवतो का? हा मला आठवणार."

मला असली वाक्यं आवडत नाहीत. पण पुढच्या खेपेला गेलोच. आणि त्याच्या पुढच्या. आमची मनू, संजूची मुलगी, म्हणायची, "आजोबा, आप फिर मछली छोडने जा रहे हो?" पकडायला नाही, सोडायला. तिला मराठी कळतं पण बोलायची नाही.

बरोटला चंदीगढ, दिल्लीची आणखी हौशी मंडळी असत. संध्याकाळी चहाच्या टपरीवर दोन्ही हात पसरून सांगायचे, इतका होता, सुटला. सरदारजी चहाचा कप घेऊन उठून जायचे. मला म्हणायचे, "हात से नापने वाला झूठा होता है. हाताच्या मधली मछली रबराची असते." त्यांनी कधी, अगदी सुरजीतचा मासा सांगतानाही, हात पसरला नाही. काठी आणून दोरा दाखवायचे.

आता मुलीचं सांगतो. त्यांना एकच मुलगी, रूपी. कॅनडात असते, नवरा तिकडं ट्रक चालवतो. रोज सकाळी तिचा फोन, व्हिडिओवर. आवाज एवढा मोठा की वर आमच्या चहाला पण रूपी हजर. आई गेल्यापासून एकच, पापाजी, इकडं या. घर विका नाही तर कुलूप लावा, पण या. सरदारजी वेळ मारून न्यायचे. एक दिवस ती रडली असावी, कारण यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, आणि मी जिन्यात उभा राहून ऐकलं, "ठीक आहे. ज्या दिवशी तुझ्या आईच्या बरोबरीची मछली मापीन, त्या दिवशी तिकीट काढ. ही अजायब सिंगची जबान."

रूपीनं विचारलं, "पक्का?"

"पक्का."

खाली आलो तर खुर्चीत बसले होते. मी म्हणालो, "जाणार मग कॅनडाला?"

"कुठून जाणार? इतक्या वर्षांत पौनीच्या वर गेलो नाही." चेहरा मोठी लबाडी केल्यासारखा होता. मग म्हणाले, "तिथं सगळं मशीन तोलतं, मराठा. मी काय करू तिथं?"

मलाही संजूच्या घरात काय करू हे अजून सापडलेलं नाही.

त्या वर्षी थंडीत मासेमारी बंद व्हायच्या आधी, ऑक्टोबराच्या शेवटाला, आम्ही गेलो. पाणी उतरलं होतं. संध्याकाळ कलायला लागली आणि पलीकडच्या मोठ्या धोंड्याच्या सावलीत पाणी एकदा फुगलं. उडी नाही, आवाज नाही, नुसतं फुगलं. सरदारजींनी दोरी टाकली. माशी धोंड्याच्या कडेला उतरली आणि काठी कमानीसारखी वाकली.

मी मोठे मासे पाहिले आहेत. उजनीत माणसाच्या वजनाचा कटला मी एकट्यानं होडीत घेतला आहे. पण इतक्या बारीक दोरीवर इतकं मोठं जनावर मी पाहिलं नव्हतं. सरदारजी पाय रोवून उभे राहिले. त्यानं दोरी नेली, त्यांनी नेऊ दिली. आणली, परत नेली. त्यांची पगडी सैल झाली. शेवटी तो दमला आणि कडेला आला, उथळ पाण्यात, त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. पर शाबूत. तांबडे ठिपके बोरांएवढे. लांबी? मी सांगतो. लाल दोरा मागं राहिला असता. चांगली वीतभर.

मी म्हणालो, "काठी ठेवा! ठेवा काठी!"

सरदारजींनी माशाकडं बघितलं. मग काठी पाठीमागं गोट्यांवर फेकून दिली. जी काठी त्यांनी कधी जमिनीला लागू दिली नव्हती, ती खडखड करत गोट्यांवर गेली. दोन्ही हातांनी मासा धरला, तोंड प्रवाहाकडं केलं, गळ काढला, आणि तो दम धरेपर्यंत धरून राहिले. मग हात उघडले. मासा क्षणभर तिथंच राहिला आणि मग नव्हता.

"सरदारजी!" माझा आवाज डोंगरावरून परत आला. "पूरीपेक्षा मोठी होती!"

"नापी?"

"मी बघितली की!"

"आँख का तोल नहीं चलता," ते म्हणाले. "नापी नहीं, तो पकडी नहीं."

ते काठावर बसले आणि पगडी सोडून परत बांधायला लागले. मापली असती तर तिकीट निघालं असतं. एवढं न कळायला मी खुळा नाही. पण एवढा मासा! आणि बायकोला हरवायची जन्माची संधी! मी परतीच्या जीपमध्ये मंडीपर्यंत तोंड फिरवून बसलो. मंडीला त्यांनी माझ्या हातात चहा दिला. मी घेतला, पण तोंड तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपीचा फोन. "मिली, पापाजी?"

"नहीं मिली, पुत्तर."

मी वर चहा पीत होतो. सून म्हणाली, "काय झालं, बाबा, हसताय?" मी म्हणालो, काही नाही.

हिवाळा गेला. फेब्रुवारीत एकदा सकाळी फोन आला आणि खालून आवाजच येईना. म्हणजे फोन चालू, पण सरदारजी नुसते हं, हं करत होते. दुपारी मी खाली गेलो. ते काट्याच्या वजनांना तेल लावत बसले होते. मग सांगितलं. रूपीला दिवस गेले होते. लग्नाला किती वर्षं झाली, आशा सोडली होती. आणि डॉक्टरनं तिला अंथरुणातून उठायला बंदी केली होती. नवरा ट्रक घेऊन जातो तो आठ-आठ दिवस येत नाही. सासर इकडं जालंधरला, सासू पांगळी. घरात ती एकटी.

"मग? तुम्ही कधी निघताय?"

"तिनं बोलावलं नाही."

"बोलावलं नाही म्हणजे?"

"म्हणाली, पापाजी, तुसी अपनी मछली पकडो." त्यांनी एक वजन उचललं, पुसलेलंच परत पुसलं. "रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं."

मी म्हणालो, "सरदारजी, आजच तिकीट काढा. जबान कोण विचारतंय? तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"मैं पूछता हूँ," ते म्हणाले.

तुम्ही म्हणाल, हट्टी म्हातारा. आमच्या सुनेनंही तेच म्हटलं. संजू खाली जाऊन त्यांना चांगलं अर्धा तास समजावून आला, इंग्रजीत पण समजावलं. ते ऐकून घेत होते. मी मात्र दुसऱ्यांदा बोललो नाही. या माणसानं सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नव्हतं. आता स्वतःला कसा सोडेल? मी गावात शब्द दिला होता आणि मोडून इथं आलो. ते कसं लागतं ते मला माहीत आहे. रोज सकाळी लागतं.

मार्चमध्ये बंदी उठली त्याच दिवशी आम्ही बरोटला होतो. डोंगरावर अजून बर्फ. पाणी असं गार की हात घातला तर हाडापर्यंत ठणका. सरदारजी पहाटेपासून उभे. तो धोंडा, त्या धोंड्याची सावली, तिथं ते पुन्हा पुन्हा दोरी टाकत होते. ज्याला सोडलं त्यालाच आता बोलावत होते. तो कशाला येतोय. दुसऱ्या दिवशी पण काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला, मी म्हणालो परत चला, तर मला म्हणाले, तू जा.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक मासा लागला. झुंज कसली, चार हिसके आणि आला. उथळ पाण्यात आणला. रानटी होता, पर शाबूत, ठिपके, कडी, सगळं. त्यांनी काठी शेजारी ठेवली.

मी वरच्या गोट्यावर उभा होतो. मला स्वच्छ दिसत होतं. शेपटी दोऱ्याच्या चार बोटं अलीकडं होती. पौनीपेक्षा थोडा जास्त, बस.

ते वाकून बघत राहिले. गॅसचा काटा बघायचे तसे, श्वास धरून. पाणी त्यांच्या मनगटावरून जात होतं, हात लाल झाले होते. मासा शांत होता. मला वाटलं आता "पौनी" म्हणतील.

"पूरी," ते म्हणाले.

पुकारलं नाही. हळूच म्हणाले. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. एखादा दुकानदार इन्स्पेक्टरकडं बघतो तसं बघत होते.

"मराठा. बोल."

मी गोट्यावरून खाली उतरलो, त्यांच्या शेजारी पाण्यात वाकलो, नीट बघितलं. चार बोटं.

"पूरी आहे, सरदारजी," मी म्हणालो. "दोऱ्याला टेकली."

"देखी?"

"डोळ्यानं नाही. काठीनं मापली."

त्यांनी मासा सोडला. मग तिथंच पाण्यात उभे राहून, काठीवरच्या त्या लाल दोऱ्यावर अंगठा फिरवत पंजाबीत काहीतरी म्हणाले. मला म्हणाले नव्हते. मला एवढंच कळलं, "सुरजीत, अज्ज तेरे बंदे ने डंडी मार दित्ती."

परतताना जीपमध्ये ते झोपले, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं. ताप चांगलाच होता. मंडीला या वेळी चहा मी आणला.

निघायचा दिवस उजाडला. टॅक्सी सकाळी फाटकाशी आली. सरदारजींनी दोन्ही बॅगा एकामागून एक फाटकावरच्या काट्याला टांगल्या. विमानाचं वजन ठरलेलं असतं म्हणे. एक थोडी जड निघाली, त्यातनं पिन्नीचा, म्हणजे इकडच्या लाडवांचा, डबा काढला, तो मनूच्या हातात दिला. परत टांगली. "जा," असं बॅगेलाच म्हणाले. काठी म्यानात घालून बरोबर घेतली. मी म्हणालो, तिकडं मासे आहेत का? म्हणाले, ऐकलंय मोठे असतात. मग घराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं. माझ्याशी हात मिळवला. मिठी वगैरे मारणारे ते नव्हते आणि मीही नाही.

टॅक्सीत मागं बसले तोवर रूपीचा फोन आला. तिकडं तेव्हा संध्याकाळ असते. त्यांनी फोन पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून उभा केला. ड्रायव्हर डिकी लावत होता, काच खाली होती, मी बाहेर उभा. रूपीचा चेहरा उशीवर होता, सुजलेला, पण हसत होती.

"पापाजी, सच दस्सो. कितनी बडी थी?"

ड्रायव्हर बसला, गाडी सुरू झाली. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळताना मला मागच्या काचेतून त्यांची गव्हाळ पगडी दिसली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन हात. फोनसमोर पसरलेले. मध्ये चांगलं हातभर अंतर होतं. वळण संपता संपता त्यांनी ते आणखी थोडं वाढवलं.